मोडलेल्या बँडमधून उभा राहिला फ्रेडी

घरातला मुलगा चार मित्र जमवून बँड काढतो आणि सहा महिन्यांत भांडून मोकळा होतो. मग आपण सुनावतो, बघ, सांगत नव्हते? पण 'क्वीन'च्या फ्रेडी मर्क्युरीचे आधी किती बँड मोडले, ते बघाच!

त्याचं खरं नाव फारूख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबारचा. पारशी कुटुंब. आठ वर्षांच्या लेकराला आईबाबांनी शिकायला पाठवलं ते थेट आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्सच्या बोर्डिंगमध्ये. घर समुद्रापलीकडे! तोंडात चार दात जास्तीचे, म्हणून पोरं चिडवायची. तो पियानोत रमला. बाराव्या वर्षाच्या सुमारास मित्रांसोबत 'हेक्टिक्स' बँड काढला. गंमत म्हणजे मुख्य गायक दुसराच होता! शाळा सुटली, बँडही सुटला.

१९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली, रक्तपात झाला. सगळं सोडून कुटुंब इंग्लंडला आलं. फ्रेडीनं १९६९ मध्ये आर्ट कॉलेजचा डिप्लोमा पूर्ण केला. त्याच वर्षी तो 'आयबेक्स' बँडमध्ये शिरला. त्याचं नाव बदलून 'रेकेज' झालं, म्हणजे मोडतोड! आणि वर्ष संपेपर्यंत तो मोडलाही. १९७० मध्ये 'सावर मिल्क सी' हा रॉक बँड धरला. मतभेद झाले, काही महिन्यांत तोही फुटला. पोटासाठी लंडनच्या बाजारात त्यानं जुने कपडे विकले.

ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांचाही 'स्माइल' बँड तेव्हा नुकताच मोडला होता. मग मोडलेल्यांनी मिळून १९७० मध्ये 'क्वीन' उभा केला. १९७५ मध्ये फ्रेडीनं रचलेलं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. १३ जुलै १९८५ ला वेम्बली स्टेडियम त्याच्या आवाजावर डोललं.

नंतर एड्स झाला. ते दुखणं त्यानं जगापासून लपवलं. २३ नोव्हेंबर १९९१ ला जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय अवघं ४५. निरोप पारशी रिवाजानं दिला गेला.

खापरखेड्याच्या वीज वसाहतीतल्या एखाद्या पोराचा गणपतीतला बँड उद्या मोडला, तर प्रत्येक जण काही फ्रेडी होणार नाही, खरंय. त्यानंही डिप्लोमा हातात ठेवलाच होता. पण टोमणा मारण्याआधी पोराला जेवायला वाढा आणि विचारा, यातून तू काय शिकलास रे?