विद्येची शिदोरी : पंडिता रमाबाई

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. परीक्षेत अपयश आले, घरी अडचण पडली, की वडील माणसे हीच म्हण सांगून धीर देतात. ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ती अर्धेच सत्य सांगते असे आम्हांस पुष्कळदा वाटले आहे. टाकीच्या घावांनी एखाद्या दगडाची मूर्ती होते खरी. पण त्याच घावांनी कित्येक दगड फुटूनही जातात. शिरूर व दौंडकडील लोकांस हे निराळे सांगावयास नको. पाऊस हुलकावणी देतो त्या वर्षी एक घर हाल सोसून उभे राहते, आणि त्याच्याच भिंतीला लागून असलेले दुसरे घर कायमचे मोडते. घाव तोच, दगडही जवळजवळ तोच. मग फरक कोठे पडतो?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आपणांस दूर जावयास नको. शिरूरहून न्हावऱ्याच्या रस्त्याने निघून भीमा ओलांडली की चौफुला लागतो, आणि त्याच्याजवळच दौंड तालुक्यातील केडगाव. दौंडहून पुण्याकडे आगगाडीने जाणाऱ्यांस हे स्थानक परिचित आहेच. येथेच पंडिता रमाबाईंनी आपले मुक्तिसदन वसविले, आणि येथेच त्यांनी देह ठेवला. विद्यार्थिमित्रहो, त्यांचे चरित्र आज आम्ही तुमच्यापुढे ठेवीत आहो, ते याच एका प्रश्नाच्या अनुरोधाने.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. हा प्रदेश आज कर्नाटकात मोडतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृतज्ञ होते. तरुणपणी पुण्यास अध्ययन करीत असता आपले गुरू पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवितात, हे त्यांनी पाहिले होते. स्त्रियांसही ही विद्या यावी, असे तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतले. पुढे त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. लोकांस ते रुचले नाही; पण शास्त्रीबोवांनी अरण्यात बिऱ्हाड केले, तथापि आपला हेका सोडला नाही.

रमाबाई सहा महिन्यांच्या होत्या, तेव्हा हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून हमालाच्या डोक्यावर दिली होती. तेव्हापासून पुढे कित्येक वर्षे त्यांना घर असे नव्हते. देवळे, धर्मशाळा आणि नदीचे घाट हेच त्यांचे घर. आणि या फिरत्या संसारातच त्यांची शाळा भरे. वडील आता वृद्ध झाले होते, म्हणून आईनेच मुलीला शिकविण्याचे काम पत्करले. दिवसभर स्वयंपाकपाणी व आल्यागेल्याचे करावयाचे असल्यामुळे तिला वेळ सापडे तो पहाटेचा. अंधार असतानाच ती मुलीला उठवी, मांडीवर घेई आणि एकेक श्लोक म्हणून घेई. मुलीजवळ पुस्तकापेक्षा आईचा आवाज अधिक होता. अशा रीतीने भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंच्या मुखात बसले. येथे एवढेच ध्यानात ठेवावयाचे, की विद्या ही त्यांस शिक्षा म्हणून मिळाली नाही. मायेची ऊब म्हणून मिळाली.

यानंतर घाव पडू लागले. पुराण सांगून मिळेल त्यावर निर्वाह करावयाचा आणि मिळालेले दानधर्मात खर्चावयाचे, असा या कुटुंबाचा क्रम होता. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा गाठीचे द्रव्य संपले. मग दागिने, मग भांडी, मग वस्त्रे विकली गेली. विद्या अपार होती, परंतु कोणाच्याही हाती धंदा नव्हता, आणि भीक मागण्यास मन धजेना. झाडपाला आणि पाणी यांवर दिवस काढण्याची पाळी आली. १८७४ साली वडील गेले, काही महिन्यांतच आई गेली. आईची तिरडी उचलावयास माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ श्रीनिवास. चौथा खांदा रमाबाईंनी दिला. त्या ठेंगण्या होत्या, म्हणून त्यांनी आपल्या बाजूची तिरडी डोक्यावर घेतली. पुढे थोरली बहीणही गेली.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. ज्या दुष्काळाने रमाबाई घडल्या असे आपण म्हणू, त्याच दुष्काळाने त्यांच्या आईबापांस व बहिणीस नेले. म्हणून हालअपेष्टांची स्तुती करण्यास आमची जीभ वळत नाही. दुःख हा गुरू आहे असे म्हणणाऱ्याने, तो आपले बहुतेक शिष्य मारून टाकतो, हेही सांगितले पाहिजे.

मागे राहिलेली दोघे भावंडे हजारो मैल पायी हिंडली. कधी नुसते धान्य भिजवून मिठाशी खाल्ले. उत्तरेकडील थंडीत पांघरूण नसल्याने झेलम नदीच्या वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून रात्री काढल्या. तरीही एक शिदोरी त्यांच्यापाशी होती. तिला चोर नव्हता, आणि ती खाल्ल्याने संपत नव्हती. १८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची ही मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे ऐकून तेथील पंडितांनी तिची परीक्षा घेतली, आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पहाटेच्या अंधारात एका दमलेल्या आईने दिलेले धडे भरसभेत असे उजेडात आले.

परंतु भाग्य फार दिवस टिकले नाही. १८८० साली भाऊ श्रीनिवास निवर्तला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा. लोकांनी पुष्कळ नावे ठेविली. १८८१ च्या एप्रिलात कन्या मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. वयाची चोवीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच रमाबाईंनी पिता, माता, भगिनी, बंधू व पती अशा पाच जणांस पोहोचविले होते. कडेवर दहा महिन्यांचे मूल होते. त्या काळच्या विधवेपुढे जी वाट होती, ती अंधाऱ्या कोनाड्याची.

त्या कोनाड्यात बसल्या नाहीत. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, आणि हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन, स्त्रियांस स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर मिळाल्या पाहिजेत असे स्पष्ट सांगितले. आपणच डॉक्टर व्हावे, ही इच्छा धरून १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला.

आता जी गोष्ट सांगतो तीकडे परीक्षेत नापास झालेल्या मुलांनी विशेष लक्ष द्यावे. ज्या विद्येसाठी समुद्र ओलांडला, ती वैद्यकविद्या रमाबाईंस मिळाली नाही. त्यांस ऐकू कमी येऊ लागले होते, आणि त्या कारणाने तो दरवाजा बंद झाला. लोकांचा रोष पत्करून एवढ्या दूर यावे आणि स्वतःच्याच कानांनी दगा द्यावा, याहून मोठी निराशा कोणती? रमाबाई चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात राहिल्या. स्वतः शिकत गेल्या आणि संस्कृत शिकवीतही गेल्या. त्यांच्या नात्यातील आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा त्या पदवीदान समारंभास रमाबाई मुद्दाम समुद्र ओलांडून फिलाडेल्फियास गेल्या. जी पदवी आपणांस मिळू शकली नाही, ती दुसरीस मिळताना पाहून आनंद मानावयाचा, ही परीक्षा कोणत्याही विद्यापीठाच्या परीक्षेपेक्षा कठीण होय.

थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेल्या बाई अमेरिकेत सुमारे तीन वर्षे राहिल्या. तेथील शाळा त्यांनी पाहिल्या, बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, हिंदुस्थानातील उच्च जातींच्या स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि विधवांच्या शाळेसाठी साहाय्य मिळविले. आपली खरी आवड वैद्यकाची नसून शिकविण्याची आहे, हे जणू बंद झालेल्या दरवाजानेच त्यांस दाखवून दिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीवर शारदासदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. हीच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून महाराष्ट्रास बाया कर्वे या नावाने परिचित झाली.

शारदासदन १८९० साली पुण्यास आले. तेथे १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो, असा आक्षेप आला; रानडे, भांडारकर यांच्यासारखे थोर सल्लागार बाजूस झाले, आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंस प्रामाणिक माणसे होती, हे आज आपण मोकळेपणाने म्हणावे. मुलीची काळजी वाहणाऱ्या बापास दोष देता येत नाही, आणि आपली श्रद्धा घरात लपवून ठेवणार नाही म्हणणाऱ्या बाईसही देता येत नाही. ज्या शहराने पूर्वी गौरविले, त्याच शहरात रमाबाई एकाकी झाल्या. शाळा मात्र त्यांनी मोडू दिली नाही.

संस्थेस स्वतःचे उत्पन्न असावे म्हणून केडगाव येथे त्यांनी फळबागेकरिता सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. १८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. ती वार्ता कानी येताच बाईंस आपले बालपण आठवले. अन्नान्न करणारी मुलगी म्हणजे काय, हे त्यांस पुस्तकातून समजून घ्यावयाचे नव्हते. त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यास प्लेगमुळे त्यांस ठेवता येईना, तेव्हा या आपल्या केडगावच्या माळावर राहुट्या व छपरे उभी राहिली. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला. पुन्हा माणसे गेली, पुन्हा मुली आल्या, आणि मुक्तिसदनाची संख्या दीड हजारांवर गेली.

या मुलींस बाईंनी काय दिले? अक्षर दिले, आणि अक्षराबरोबर हातास धंदा दिला. विणकाम, शेती, गुरांची निगा, छपाई अशी नाना कामे तेथे मुली स्वतः करीत. अंध मुलींस बोटांनी वाचण्याची लिपी मनोरमाबाईंनी शिकविली. आमच्या मते यामागे ती जुनी जखम होती. आपल्या घरी विद्या होती पण धंदा नव्हता, म्हणून आईबाप उपाशी गेले. तो प्रसंग दुसऱ्या कोणत्याही मुलीवर येऊ नये, अशी ही व्यवस्था होती. जखमेचा उपयोग करावा तो असा.

सरकारने १९१९ साली त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले. परंतु उतारवयात त्यांचा जीव रमला तो एका शांत कामात. बायबल मूळ भाषांतून साध्या मराठीत आणावे, शेतात खपणाऱ्या अल्पशिक्षित बाईसही ते कळावे, या हेतूने त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि वर्षानुवर्षे भाषांतर चालविले. खिळे जुळविणाऱ्या व छापणाऱ्या मुक्तीतल्याच स्त्रिया. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. एकुलती एक कन्या, आणि उजवा हात. बाईंची प्रकृतीही ढासळली होती. तरी काम थांबले नाही. ते पुरे झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंनी डोळे मिटले. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. घाव सोसूनही हा दगड फुटला कसा नाही? आम्हांस दिसते ते असे, की दुःख येण्यापूर्वीच त्यांच्या अंतरी एका गोष्टीची गोडी लागून राहिली होती: शिकावे आणि शिकवावे. पहाटे आईच्या मांडीवर लागलेली ही गोडी अरण्यात, वाळूच्या खड्ड्यात, परदेशात व लोकनिंदेत त्यांच्याबरोबर राहिली. कामाचे रूप पालटत गेले. कधी पुराण, कधी व्याख्यान, कधी शाळा, कधी दुष्काळातील आसरा, शेवटी भाषांतर. पण मुळात काम एकच होते. अक्षर आईकडून मिळाले, ते दुसऱ्यांच्या लेकींस द्यावयाचे.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, संकटे यावीत अशी इच्छा कोणी करू नये; ती न बोलाविताच येतात. ती येण्यापूर्वी एखाद्या चांगल्या कामाची गोडी लावून घ्यावी, एवढेच आपल्या हाती आहे. मग ते गणित असो, सुतारकी असो, शेती असो की रोग्याची शुश्रूषा. आणि पालकबंधुभगिनींनो, लक्ष्मीबाईंपाशी घर नव्हते, धन नव्हते. पहाटेची एक घटका होती. ती तिने मुलीला दिली. आपणांपैकी कितीकांस तेवढी घटका काढता येणार नाही?

पुढील सुटीत मुलांस घेऊन केडगावास अवश्य जावे. तेथे बाईंची समाधी आहे, आणि त्यांनी आरंभिलेले कार्यही चालू आहे. समाधी पाहून यावे. परंतु कार्य पाहिल्यावाचून परतू नये.