पाखरांसाठी विकत घेतलेलं शेत

अहिल्याबाई होळकर म्हटलं की काशीचं मंदिर, नदीचे घाट आणि हातात शिवपिंड घेतलेली तसबीर आठवते. मला मात्र आठवतात त्यांनी पाखरांसाठी विकत घेतलेली शेतं.

बाईंचं माहेर तसं आपल्या शेजारचंच. भूम-परांड्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यात चौंडी आहे. तिथल्या माणकोजी शिंद्यांच्या घरी १७२५ साली त्या जन्मल्या. आठव्या वर्षी लग्न झालं आणि होळकरांची सून झाल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी अडवलं. पुढे १७६६ मध्ये सासरे गेले, वर्षभरात मुलगा मालेरावही. एवढं सोसून या बाईनं २८ वर्षं राज्य केलं!

राजधानी नर्मदाकाठच्या महेश्वरला. एका अंगाला विंध्य, दुसऱ्या अंगाला सातपुडा. डोंगरातले भिल्ल वाटसरूंना लुटत. बाईंनी आधी समजुतीनं घेतलं, मग कडक बंदोबस्तही केला. पण नुसत्या धाकानं चूल पेटते का? त्यांनी भिल्लांना पडीक जमीन कसायला दिली आणि डोंगरातून जाणाऱ्या मालावर किरकोळ पट्टी घ्यायचा हक्क दिला. तीच भिलकवडी. बदल्यात वाट राखायची आणि चोरी झाली तर माल शोधून द्यायचा.

आता ती शेतं. पीक भरात आलं की शेतकरी पाखरं हाकलणारच, त्याचं तरी काय चुकतं? बाई उभ्या पिकाची शेतं विकत घेत आणि पाखरांसाठी मोकळी ठेवत. पाखरांचं पोट भरे, शेतकऱ्याचंही नुकसान नाही.

मला हे पटतं, कारण डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरहून एक वाघ चालत आपल्या येडशीच्या रामलिंग अभयारण्यात आला. पेपरात त्याचं केवढं कौतुक! पण बालाघाटाच्या कुशीतल्या गावांत ज्यांच्या गोठ्यातलं जनावर गेलं, त्या घरच्या बाईनं कौतुक कुठून आणायचं? सरकारी भरपाई आहे, पण तिच्यामागे पंचनामा आणि हेलपाटे आले. बाईंनी पैसे आधी मोजले होते.

१३ ऑगस्ट १७९५ ला त्या महेश्वरला गेल्या. पंचवीसेक वर्षांनी माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं माळव्यातल्या लोकांकडून ऐकून हे सारं लिहून ठेवलं. भर उन्हात औताच्या बैलांना पाणी पाजायला बाईंचा माणूस बांधावर येई, हेही त्यात आहे.