माशिकोचे कुंभार : हामादा शोजी

खानापूरच्या लाल मातीची मडकी आणि कौले हिंडलगा-बेळगाव परिसरातील घरांना अपरिचित नाहीत. त्यांवर घडविणाऱ्याचे नाव नसते, आणि ते कोणी शोधतही नाही. हे अनामिकत्व विसाव्या शतकातील एका जगद्विख्यात कलावंताने समजून-उमजून पत्करले. ते म्हणजे जपानचे हामादा शोजी.

१८९४ साली जन्मलेल्या हामादा यांनी तोक्योच्या उच्च तंत्रशाळेत मृत्कलेचे शास्त्रीय शिक्षण घेतले आणि पुढे क्योतोच्या संशोधनशाळेत झिलईचे प्रयोग केले. १९२० साली इंग्रज मित्र बर्नार्ड लीच यांच्यासमवेत ते इंग्लंडमधील सेंट आइव्हज येथे गेले. तेथे उभयतांनी चढत्या दालनांची जपानी भट्टी बांधली. १९२३ मध्ये लंडनला त्यांच्या भांड्यांचे प्रदर्शन झाले. त्याच वर्षी भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झाले. १९२४ साली मायदेशी परतल्यावर हामादा यांनी राजधानी नव्हे, तर माशिको हे कुंभारांचे खेडे निवडले.

माशिकोला कलेचे वलय नव्हते. तेथील कुंभार तोक्योच्या स्वयंपाकघरांसाठी रांजण, बरण्या, किटल्या घडवीत. आपल्याकडे ॲल्युमिनियम व स्टेनलेस स्टीलने मडक्यांना मागे सारले, तसेच संकट त्यांच्यावरही येऊ घातले होते. माती जाडीभरडी, नाजूक काम न सोसणारी. हामादा यांनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. तिला मानवतील असेच भरीव घाट घडविले. झिलईसाठी स्थानिक दगडाची भुकटी, भाताच्या तुसाची राख. चाक फिरवीत तेही काठीनेच, आपल्या कुंभारासारखे! नित्याच्या जेवणातील वाडगे आणि थाळ्या हेच सौंदर्याचे खरे घर, ही श्रद्धा. तिच्यातूनच यानागी सोएत्सू व कावाई कानजिरो यांच्यासह त्यांनी लोककलेची 'मिंगेई' चळवळ उभारली.

माशिकोत आल्यावर त्यांनी भांड्यांवर नाममुद्रा उमटविणे सोडले. तथापि, ज्या लाकडी पेटीतून भांडे ग्राहकाकडे जाई, तिच्यावर त्यांची स्वाक्षरी असे, आणि पुष्कळदा मोल ठरे ते तिच्यावरूनच. अनामिकतेच्या या उपासकाला बाजाराशी एवढी तडजोड करावीच लागली. १९५५ साली शासनाने त्यांना राष्ट्राचा जिवंत ठेवा म्हणून गौरविले, तेव्हा तर अनाम राहणे अशक्यच झाले.

१९७७ मध्ये त्यांनी माशिकोत संग्रहालय उघडले. देशोदेशींहून जमविलेली, बहुतांशी अज्ञात कारागिरांची भांडी त्यांनी तेथे इतर कुंभारांना अभ्यासण्यासाठी मांडली. पुढच्याच वर्षी, ५ जानेवारी १९७८ रोजी, त्यांचे निधन झाले.