विश्लेषण : गळाला आमिष कोणते लावावे? ९०० वर्षांपूर्वी हे लिहून ठेवणारा राजा सोमेश्वर कोण होता?

मोबाइलवर अमेरिकेतील बास माशांच्या शिकारीचे व्हिडिओ पाहिले की तसाच रॉड, तसेच रील आणि रंगीत ल्युअर मागवावेसे वाटतात. पण बास हा गोदावरी किंवा मांजरेतला मासा नाही. मग इथल्या पाण्यात काय चालते? या प्रश्नावर एक अख्खे प्रकरण लिहिणारा राजा आपल्याच परिसरावर राज्य करत होता.

कोण होता सोमेश्वर?

निलंग्याच्या दक्षिणेला राज्याची सीमा ओलांडली की कर्नाटकातील बसवकल्याण लागते. तेच चालुक्यांचे कल्याणी. देगलूर तालुक्यातील होट्टलची मंदिरे याच चालुक्यकाळाची साक्ष देतात. सहावा विक्रमादित्य इथे १०७६ ते ११२६ अशी ५० वर्षे गादीवर होता. त्याच्या दरबारात बिल्हण कवी होता. ‘मिताक्षरा’ लिहिणारा विज्ञानेश्वरही तिथलाच. अशा घरात वाढलेला मुलगा म्हणजे तिसरा सोमेश्वर. बिरुद भूलोकमल्ल, पण लोकांनी लक्षात ठेवले ते ‘सर्वज्ञ’ हे दुसरे बिरुद.

राज्य त्याला जेमतेम १२ वर्षे मिळाले. त्या काळात वेंगीचा प्रदेश पुन्हा चोळांकडे गेला आणि होयसळ विष्णुवर्धन डोईजड झाला. त्यामुळे इतिहासकार त्याला लढवय्या म्हणत नाहीत. त्याने वडिलांचे चरित्र लिहायला घेतले होते, तेही अपुरेच राहिले.

मग त्याने काय केले?

‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ पूर्ण केला. त्यात शके १०५१ म्हणजे इ. स. ११२९ चा उल्लेख येतो. एकूण १०० प्रकरणे, २०-२० चे पाच भाग. राज्यकारभार, हत्ती, रत्ने, संगीत, स्वयंपाक, सगळे आहे. महाराष्ट्रातील बाया कांडताना ओवी गातात, ही नोंदही त्यातलीच. आणि करमणुकीच्या भागात ‘मत्स्यविनोद’ हे गळाने मासे धरण्याचे प्रकरण आहे. इंग्लंडमध्ये या विषयावरचे पहिले पुस्तक छापले गेले ते १४९६ मध्ये.

प्रकरणात काय आहे?

सामानाची यादी नव्हे, आधी माशांची ओळख. समुद्रातला की गोड्या पाण्यातला, खवल्यांचा की बिनखवल्यांचा, मोठा की लहान, असे करत सुमारे ३५ प्रकारचे मासे येतात. नंतर कोणता मासा काय खातो ते. तिळाची पेंड, पीठ, भात यांचे गोळे करून ठरावीक जागी टाकायचे, माशांना तिथे येण्याची सवय लावायची आणि मगच गळ टाकायचा. काठी आणि वनस्पतींच्या तंतूंचा दोर यांचे वर्णन त्यानंतर. एखाद्या राजाला इतका वेळ कसा मिळाला, असे वाटतेच! पण पाण्याकाठी बसल्याशिवाय एवढे बारकावे कळत नाहीत. नुसती ऐकीव माहिती अशी नसते.

रील मात्र त्याच्या सामानात नाही. रीलचे जुन्यात जुने चित्र चीनमधले, तेही त्या शतकाच्या अखेरचे.

आज हा क्रम कसा लागू होतो?

रोहू, कटला हवा असेल तर महागडे ल्युअर बहुधा वायाच जाते. तिथे पेंड आणि पिठाचा गोळाच चालतो, म्हणजे राजाचीच पद्धत. ल्युअर उपयोगी पडते ते मरळसाठी, कारण तो शिकारी मासा आहे. तो गवताळ, शेवाळलेल्या पाण्यात दबा धरतो. म्हणून तिथे बेडकाच्या आकाराचे, गवतात न अडकणारे रबरी ल्युअर, कडक रॉड आणि विणलेला मजबूत दोरा लागतो. बारीक तंगूस गवतात तुटते. मरळची जोडी पिलांच्या लालसर थव्याची राखण करते, अशा वेळी तिच्यावर गळ टाकू नये. तलाव-धरणांतील मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. विष्णुपुरी असो की मांजरा धरण, आधी परवानगी विचारावी.

ग्रंथाचे पुढे काय झाले?

सोमेश्वर ११३८ मध्ये गेला. दोन दशकांत कल्याणीची गादी कलचुरी बिज्जळाच्या हाती गेली. ग्रंथ हस्तलिखितांत टिकला. जी. के. श्रीगोंदेकर यांनी संपादित केलेला त्याचा पहिला खंड १९२५ मध्ये बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत छापला गेला. पुढे मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये ‘मत्स्यविनोद’वर लेख लिहिला, आणि राजाने वर्णिलेल्या माशांची आजच्या जातींशी सांगड घातली.