षड्रिपूंशी झुंजणारे बिशप : संत ऑगस्टीन

नाताळाच्या या पर्वकाळी ख्रिस्ती परंपरेतील एका थोर पुरुषाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. काम, क्रोध, लोभ ही रिपूंची नावे आपल्या घरांतील मुलांनाही पाठ असतात. परंतु स्वतःच्या मनाचा इतका कठोर झाडा घेणारे पुरुष कोणत्याही धर्मात विरळाच.

ऑगस्टीन यांचा जन्म इसवी सन ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील थागास्ते या गावी, म्हणजे आजच्या अल्जीरियात, झाला. माता मोनिका निष्ठावंत ख्रिस्ती. पिता पॅट्रिशियस जुन्या रोमन देवतांचे उपासक. मुलगा बुद्धिमान, पण उनाड. सोळाव्या वर्षी सवंगड्यांसह त्याने रात्री शेजारच्या झाडाची नासपतीची फळे चोरली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. या क्षुल्लक चोरीवर मोठेपणी त्यांनी पानेच्या पाने लिहिली, याचे प्रथम नवल वाटते. त्यांना सलत होते ते फळ नव्हे. वाईट हे केवळ वाईट म्हणूनच गोड लागले, ही गोष्ट सलत होती.

पुढे कार्थेज नगरीत विद्याभ्यास, विवाहाविना एका स्त्रीशी सहवास, पुत्रप्राप्ती, वक्तृत्वाचे अध्यापन. सुमारे नऊ वर्षे ते मानी नामक आचार्याच्या पंथात होते. पाप ही एक निराळी काळोखी शक्ती असून तीच माणसाकडून दुष्कृत्ये करवते, असे तो पंथ सांगे. किती सोयीचे तत्त्वज्ञान! दोष आपला नव्हेच. ३८४ मध्ये ते मिलान येथे आले आणि बिशप अँब्रोज यांची प्रवचने ऐकून हा आधार ढासळला. ३८६ मध्ये तेथील एका बागेत मन व्याकूळ झालेले असता शेजारून बालकाचा गाता स्वर कानी आला. ग्रंथ उचलून वाचण्याची ती ईश्वरी आज्ञाच मानून त्यांनी संत पौलाचे पत्र उघडले, आणि संशय फिटला. ३८७ च्या ईस्टरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी मातोश्री निवर्तल्या.

आख्यान येथेच संपवून आरती करावी, असा मोह आम्हां कीर्तनकारांस होतो. खरे चरित्र मात्र पुढेच आहे. ३९१ मध्ये ते हिप्पो नगरीत धर्मगुरू झाले, काही वर्षांनी बिशप. त्यानंतर लिहिलेल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात त्यांनी गतकाळ सोडून आपले चालू दिवस तपासले आहेत. अन्न औषधाप्रमाणे घ्यावे हे पटलेले, पण भूक कोठे संपते आणि जिभेची हौस कोठे सुरू होते, हे कळत नाही. शेतातून जाताना सशामागे धावणारा शिकारी कुत्रा दिसला की चिंतन सुटते. घरी बसावे, तर माशी पकडणारी पाल मन ओढून नेते.

कानांच्या मोहाविषयी त्यांनी जे लिहिले, ते आम्हांस विशेष जिव्हारी लागते. स्तोत्राच्या अर्थापेक्षा गळ्यानेच मन हलले, तर तो अपराध, असे त्यांना वाटे. मग गायन बंदच करावे काय? पण मिलानच्या प्रार्थनामंदिरात स्तोत्रे ऐकताना वाहिलेले अश्रू त्यांना आठवत. म्हणून अखेर कौल गायनाच्याच बाजूने, तोही भीत भीत. चाल रंगली की श्रोते डोलतात आणि अभंगाचा अर्थ बाजूला राहतो, हे कीर्तनाच्या रंगी उभ्या राहणाऱ्या कोणास ठाऊक नाही? स्तुतीचा रिपू तर त्यांना सर्वांत चिवट वाटला; कीर्तीचा तिरस्कार करणाराही त्या तिरस्काराची मिरवणूक काढतो, हे त्यांनी ओळखले होते.

परनिंदेविरुद्ध त्यांनी भोजनाच्या मेजावरच एक पद्य लिहविले होते. गैरहजर माणसाची निंदा करणाऱ्यास या मेजावर स्थान नाही, असा त्याचा आशय. एकदा स्नेही बिशपांनाच त्याचा विसर पडला. पद्य पुसा, नाहीतर मी जेवण सोडून आपल्या खोलीत जातो, असे त्यांनी त्यांस बजावले. ही हकीकत त्यांचे शिष्य व चरित्रकार पॉसिडियस यांनी नोंदली आहे. ते स्वतः त्या पंक्तीस होते.

४३० मध्ये व्हँडल टोळ्यांनी हिप्पोस वेढा घातला. तिसऱ्या महिन्यात ऑगस्टीन तापाने अंथरुणास खिळले. दावीद राजाची पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून त्यांनी समोरच्या भिंतीवर लावून घेतली. अखेरच्या सुमारे दहा दिवसांत वैद्य व अन्न आणणारे यांखेरीज कोणास आत येऊ दिले नाही. पंच्याहत्तर वर्षांचे, जगन्मान्य झालेले ते बिशप भिंतीवरील ओळी वाचीत अश्रू ढाळीत राहिले, आणि २८ ऑगस्ट रोजी त्यांनी देह ठेवला. नगरास वेढा पडलेलाच होता.