आधी निवारा, मग शाळा

रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस सिडकोने वसवलेल्या नवीन पनवेलमध्ये बाहेरगावाहून शिकण्यासाठी वा उमेदवारीसाठी आलेल्या मुलांना प्रवेश मिळाल्यावर पहिली चिंता असते ती राहण्याची. रुळांपलीकडे, जुन्या पनवेलमध्ये, १९७० पासून महात्मा फुले महाविद्यालय चालवणाऱ्या रयत शिक्षण संस्थेचा उगमच या चिंतेत आहे. तिचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांनी वसतिगृहाला शिक्षणाचा पाया मानले.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. कोल्हापुरात शिकताना ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेल्याबद्दल शुद्धीचे स्नान करण्याचा आग्रह त्यांना धरण्यात आला. त्यांनी तो मानला नाही आणि बोर्डिंग सोडावे लागले. डोक्यावरचे छप्पर जातीच्या नियमांवर अवलंबून असले, तर विद्यार्थी कसा उघड्यावर येतो, हे त्यांनी स्वतः भोगले. पुढे त्यांना राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभला.

किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडताना त्यांनी शिक्षणावाचून राहिलेली खेडी पाहिली. खेड्यातल्या मुलाला नुसती फी माफ करून भागणार नव्हते. शहरात त्याच्या जेवणाची आणि अंथरुणाची सोय कोणी करणार नव्हते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. एकाच चुलीवरचे अन्न एकाच पंगतीत बसून खाणे, हा त्या काळी साधा नियम नव्हता, ते बंड होते. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले.

या बंडाची किंमत घरानेही मोजली. मुलांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. अखेर मंगळसूत्रही गेले. त्यांच्याच स्वयंपाकघरातून वसतिगृहाला आईपण लाभले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. भाऊरावांचे काम मात्र थांबले नाही.

फुकटचे अन्न मुलाला मिंधे करते, हे भाऊराव जाणून होते. म्हणून मुलांनी शेतात राबावे, दगड फोडावेत, इमारती उभाराव्यात आणि त्या श्रमांतून शिकावे, अशी रीत त्यांनी घातली. १९४७ मध्ये साताऱ्यात निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात 'कमवा आणि शिका' या योजनेने तिला महाविद्यालयीन रूप दिले. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण किताब मिळाला होता.

आज महाविद्यालयांची संख्या वाढली, शिकता शिकता काम करण्याच्या संधीही वाढल्या. मात्र खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे यांचा मेळ न बसल्याने गरीब घरातले मूल परत फिरले, तर प्रवेशाचा कागद त्याच्या काय कामाचा? भाऊरावांनी शाळेच्या आधी चूल पेटवली, ती याचसाठी.