सीटनबाईंचा जमाखर्च

न्यूयॉर्कमध्ये १७९७ साली गरीब विधवांच्या साहाय्यासाठी एक संस्था निघाली. तिचा कोष एलिझाबेथ सीटन सांभाळीत. सहाच वर्षांनी, दिवाळे निघालेला पती इटलीत क्षयाने वारला आणि पाच मुलांसह त्या स्वतःच विधवा झाल्या. १८०५ मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारल्यावर अनेक आप्त दुरावले; मुलांच्या शिक्षणाला इटलीतील फिलिकी या व्यापारी बंधूंचा हात लागला. घेणाऱ्याचा संकोच त्यांनी असा अनुभवला होता. १८१० साली मेरीलँडमधील एमिट्सबर्ग येथे त्यांनी गरीब मुलींसाठी विनामूल्य शाळा काढली. केवळ देणग्यांवर ती तगली नसती. म्हणून सधन मुलींसाठी निवासी शाळा जोडली आणि त्यांच्या फीतून गरिबांचा खर्च भागविला. रोमने १९७५ मध्ये त्यांना संतपद दिले. मला मात्र हा हिशेबच अधिक थोर वाटतो. १८२१ मध्ये, अवघ्या ४६ व्या वर्षी, त्या निवर्तल्या.